लेकीच्या सिलिॲकमुळे घरी पीठ दळायला लागले, आता आयटी सोडून हाच धंदा करावा का?

चिमुची_आई

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात, हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे, टेस्टिंगपासून सुरुवात करून आता डिलिव्हरी मॅनेजर. नवराही नोकरीत आहे पण घरात जास्त पगार माझा, फ्लॅटचा हप्ता माझ्याच खात्यातून जातो. सासूबाई आमच्याकडे असतात. लेक दुसरीत.

लेकीला सिलिॲक आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गहू, जव आणि राय (हे एक धान्य, मोहरी नव्हे) यातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करतं, ही साधी ॲलर्जी नाही, आणि यावर औषध नाही, जन्मभर ग्लुटेन बंद एवढाच उपाय. तिचं वजन वाढेना, पोट फुगलेलं, हिमोग्लोबिन कायम खाली, जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, "आई दिवसभर ऑफिसात, मग पोरीच्या खाण्याकडे कोण बघणार" हेही ऐकून झालं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी टेस्ट (सिलिॲकमध्ये हा आकडा वाढलेला असतो) करायला लावली आणि एंडोस्कोपीत नक्की झालं.

मला वाटलं पोळी बंद केली की संपलं. कसलं काय! बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असतो हे किती जणांना माहीत होतं? म्हणजे रोजची आमटीसुद्धा गेली. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू, सोया सॉसमध्ये पण गहू. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रवा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे पोरगी हात मागे घेऊन उभी आणि समोर चार बायका, "घे गं एवढासा, देवाचं आहे, काही होत नाही." होतं हो. तेवढ्याशानेही होतं.

आता तुम्ही म्हणाल आपल्याकडे भाकरी आहे की. आहे ना. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, वरई, सगळं चालतं. पण धान्य चाललं तरी गिरणी चालत नाही. आमचे गिरणीवाले काका भला माणूस, "ज्वारीवरच ज्वारी टाकतो ताई, काळजी करू नका" म्हणायचे आणि टाकायचेही, पण सकाळपासून त्याच दगडावर गहू चाललेला, पीठ पडतं तिथे जी कापडी पिशवी बांधलेली असते ना ती झटकली तर ढग निघायचा, तो सगळा गव्हाचा. आमची पोळी बंद होऊनही तिचा टीटीजी खाली येईना त्याचं कारण हे. मग घरघंटी घेतली. तिच्यात आजपर्यंत गव्हाचा एक दाणा गेलेला नाही आणि घरात तो नियम सासूबाई माझ्यापेक्षा कडक पाळतात.

डॉक्टरांच्या ओपीडीबाहेर बसून बसून इतर आया ओळखीच्या झाल्या, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, कुणीतरी म्हणालं आमचं पण दळून दे ना गं, आधी दळणाचे पैसेही घेत नव्हते. मग सासूबाईंनी गव्हाशिवायची भाजणी करून बघितली, ज्वारी-तांदूळ-हरभरा डाळ-उडीद-धणे, ती ग्रुपवर जी सुटली ती सुटलीच. आता दर शनिवार-रविवार घरात दळण आणि पॅकिंग, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, दिल्ली-चंदीगडहूनपण विचारणा येते आणि मी नाही म्हणते कारण जमतच नाही. रजिस्ट्रेशन एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं) काढलंय, सासूबाईंच्या नावावर.

आणि ऑफिसात आता आठवड्यातून पाच दिवस यायला सांगितलंय. मॅनेजर म्हणतोय पुढच्या सायकलला प्रमोशन आहे. मला रात्री झोप लागत नाही, चांगल्या अर्थाने, डोक्यात पिठाचंच चालू असतं, मोठी चक्की कुठली, गाळा कुठे, भाकरी न येणाऱ्यांसाठी काय. नवरा म्हणतो तू ठरव मी आहे, पण त्याचा चेहरा हप्त्याच्या तारखेला बघण्यासारखा असतो. नोकरी सोडून यात पडावं का? ज्यांनी स्वतःच्या घरच्या गरजेतून धंदा काढलाय त्यांनी जरा खरं खरं सांगा. "फॉलो युअर पॅशन" नको प्लीज, तेवढं लिंक्डइनवर मिळतं.

---

एक_कटिंग

ताई बिनधास्त सोडा! ममाअर्थ बघा, त्यांचं पण पोराच्या त्वचेच्या त्रासातूनच सुरू झालं 2016 ला, आज शेअर बाजारात कंपनी लिस्टेड आहे. सगळे मोठे ब्रँड असेच सुरू होतात. लोक काय दोन्ही बाजूंनी बोलतात.

---

घाटावरचा

@एक_कटिंग, हे उदाहरण सगळे देतात आणि अर्धंच देतात. ममाअर्थ काढणारा वरुण अलघ त्याआधी हिंदुस्तान युनिलिव्हर, डियाजिओ, कोका-कोला असं करून आलेला माणूस आहे, म्हणजे नोकरी सोडली ती ब्रँड विकण्याचीच नोकरी होती. पोराला रॅश आला म्हणून कंपनी उभी राहिली नाही, रॅश आला आणि बापाला साबण-शांपूचा धंदा आतून माहीत होता म्हणून राहिली. उलटं उदाहरण हवं असेल तर निरमाचे करसनभाई पटेल घ्या, सरकारी लॅबमधली नोकरी सांभाळून घरी पावडर बनवायचे आणि ऑफिस सुटल्यावर सायकलवरून विकायचे. घाई केली नाही.

चिमुची आई, आता तुमचं. मी चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पर्चेसला होतो, ती सोडून साताऱ्याकडे आलो आणि आता मसाले आणि लाडूंचं छोटं युनिट आहे, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय. तुमच्या पोस्टमध्ये गिरणीचं सगळं बरोबर पकडलंय पण तुम्ही गिरणीच्या मागे गेला नाहीत. ज्वारी येते कुठून?

मार्केट यार्डातून घेत असाल तर ऐका. आपल्याकडे शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे, एकाच वेळी काढणीला येतात, आणि गावात मळणी यंत्र एकच असतं, आज याच्या गव्हात, उद्या त्याच्या ज्वारीत. यंत्र मधे कोण धुवून काढतंय? मग माल भरतात बारदानात, ते बारदान गेल्या वर्षी गव्हाचं असतं. मग आडत्याकडे शेजारी शेजारी थप्प्या. मग क्लीनिंगला जातं तिथे एकाच चाळणीवर दिवसभर गहू. तुमच्या घरघंटीत गव्हाचा दाणा गेला नाही म्हणताय, एकदा ज्वारी परातीत पसरून उजेडात निवडून बघा. किलोला दोन-चार गहू निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. घरच्यापुरतं तुम्ही हाताने निवडाल, शंभर किलोचं कोण निवडणार?

म्हणून नोकरी सोडायची का हा प्रश्न नंतरचा. आधी माल कुठून घेणार ते ठरवा. मंगळवेढ्याच्या बाजूला शेतकरी गट आहेत, तिथल्या मालदांडी ज्वारीला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, भाकरीला तिच्यासारखी ज्वारी नाही. तिथे जाऊन एका गटाशी बोला, आधी ज्वारी मळायची आणि मग यंत्र गव्हाला द्यायचं एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या, बारदान नवीन तुमचं. किलोमागे दोन-चार रुपये जास्त द्या, आनंदाने करतात. सोलापूरला रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे, हैदराबादच्या भरडधान्य संस्थेचं, तिथली माणसं विचारलं की सांगतात, लाजू नका.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी नागपूरचा, वय 26, सिलिॲक बारावीत कळला. म्हणजे मी तुमचा गिऱ्हाईक आहे, माझंपण ऐका.

होस्टेलला असताना मी दोन वर्षं भात-वरण, भात-दही, भात-भाजी यावर काढले, मेसवाल्या काकूंले समजावता समजावता थकलो, त्या म्हणायच्या बापा मैदा नाही टाकला, कणीकच आहे 😀 आता नोकरीले आहे, रूमवर स्वतः करतो. बाजारात ग्लुटेन फ्री लिहिलेलं पीठ मिळते पण एक तर त्याचा भाव बघून पोट आपोआप भरते, दुसरं म्हणजे त्यात बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका, गोंद असलं काहीबाही, आणि खरी ज्वारी नावाला.

तुम्ही विचारलं नाही पण सांगतो मी कोणाचं घेईन. ज्याचा रिपोर्ट बघायला भेटते त्याचं. कायद्यात 20 पीपीएमच्या आत असेल तरच ग्लुटेन फ्री लिहिता येते, म्हणजे किलोत 20 मिलिग्रॅम. लिहितात सगळे. बॅच नंबर टाकून त्या बॅचचा लॅब रिपोर्ट कोणी पाठवते का? एकाले विचारलं होतं तर म्हणे "सर हमारा प्रोडक्ट नॅचरल है". अरे गहूपण नॅचरलच आहे ना भाऊ.

आणि अजून एक. पीठ नका विकू फक्त. आमच्या पिढीतल्या अर्ध्या पोरांना भाकरी थापता येत नाही, माझी तर तव्यावर जाईस्तोवर महाराष्ट्राचा नकाशा होते. उकड काढून लाटायची कशी त्याचा व्हिडिओ टाका, नाहीतर अर्धी भाजलेली भाकरी फ्रोझन द्या, धिरड्याचं पीठ द्या, जे एकट्या माणसाले सकाळी आठ वाजता जमते ते द्या. बिस्किट दिलं तर पाया पडतो. प्रवासात खायला काहीच नसते हो.

---

रिकामटेकडा_सीए

भावनिक भाग इतरांनी घेतलाय, मी रुक्ष माणूस, रुक्षच लिहितो.

पहिलं म्हणजे तुम्ही आत्ता फायद्यात आहात असं तुम्हाला वाटतंय. सासूबाईंचा पगार धरलात का? तुमच्या शनिवार-रविवारचा? हॉलचं भाडं? घरगुती मीटरची वीज? हे सगळं शून्य धरून जे उरतं त्याला नफा म्हणत नाहीत. गाळा घेतलात की भाडं, कमर्शियल मीटर, दोन बायका कामाला, पॅकिंग, आणि वरच्या भावाने सांगितलेलं टेस्टिंग. ग्लुटेन किती आहे ते मोजणारी एलायझा टेस्ट एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून दर बॅचला करायची तर बॅच छोटी ठेवून परवडणार नाही, आणि बॅच मोठी केली तर बाजरी पडून कडवट होणार, ज्वारीच्या पिठाची विरी जाणार. हे गणित आधी कागदावर मांडा, बॅच किती किलोची म्हणजे टेस्टचा खर्च किलोमागे किती बसतो. तुमच्या धंद्याचं सगळं गणित इथे आहे, बाकी तपशील.

दुसरं, पीठ जड असतं आणि स्वस्त असतं. कुरिअरवाल्याला तुमची तळमळ कळत नाही, त्याला वजन कळतं. समजा 140 रुपये किलोने विकलंत आणि दिल्लीला पाठवायला किलोमागे 60-70 लागले तर गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. पण गिऱ्हाईक तर तिकडेच जास्त आहे, सिलिॲक उत्तरेच्या गव्हाच्या पट्ट्यात जास्त आढळतो, तिथल्या अभ्यासात साधारण शंभरात एक असं प्रमाण निघालंय, दक्षिणेत फारच कमी. म्हणून तुमची भाजणी, बिस्किट, खाकरा, लाडूपीठ, असलं हलकं आणि किंमत येणारं काहीतरी लांब पाठवा, आणि साधं पीठ पुणे-मुंबईपुरतं ठेवा.

तिसरं, राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो जीएसटी नंबर लागतो, 40 लाखांपर्यंत नंबर न घेण्याची सवलत राज्यातल्या राज्यात. पॅक करून लेबल लावलेल्या पिठावर जुलै 2022 पासून 5 टक्के आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. पीएमएफएमई म्हणून छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020 ला आली, प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान, पण ते कर्जाला जोडलेलं आहे, हातात रोख पडत नाही. तुमच्याकडे कृषी विभागामार्फत चालते, सध्या अर्ज घेतायत का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. आणि अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठी मशीन घेणारे लोक मी इतके बघितलेत की त्यावर वेगळा धागा निघेल.

चौथं, आणि हे बायका-पुरुष सगळे विसरतात. ऑफिसचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. मुलीला सिलिॲक आहे, नवीन पॉलिसीला अर्ज केलात की तो आजार आधीचा म्हणून लिहावा लागणार, काही कंपन्या नाही म्हणतील, काही वेटिंग लावतील, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम नाही (आता जास्तीत जास्त तीन वर्षं लावता येतं). त्याच विमा कंपनीच्या ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण ती नोकरीत असतानाच हालचाल करून घ्यायची, राजीनाम्यानंतर नाही. नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉलिसीत मुलीचं नाव आहे का ते आजच बघा.

आणि ऑफर लेटर काढून वाचा. दुसरा व्यवसाय करायला लेखी परवानगी लागेल असं बहुतेकात असतं. सासूबाईंच्या नावाने रजिस्ट्रेशन आहे हे ठीक, पण पैसे तुमच्या यूपीआयवर येत असतील तर ते नाव कागदापुरतंच आहे.

---

चिमुची_आई

बापरे. @रिकामटेकडा_सीए यूपीआय माझ्याच नंबरवर आहे 🙈 आजच बदलते. नवऱ्याच्या पॉलिसीत लेक आहे, बघितलं, हुश्श.

@घाटावरचा दादा तुमची पोस्ट वाचून काल रात्री सासूबाईंनी खरंच परात घेतली. मोजकेच पण निघाले गहू. सासूबाई गप्प, मी गप्प. ग्रुपवर सगळ्यांना सांगून टाकलं की यापुढे निवडल्याशिवाय दळणार नाही आणि तोवर ऑर्डर बंद. एकीने "एवढ्याशाने काय होतं" लिहिलं, तेही सिलिॲकवाल्या मुलाच्याच आईने, आता काय बोलायचं.

---

परत_पंचिंग

चिमुची आई, मी थोडं वेगळं लिहिते. मी मुंबईला एचआरमध्ये होते. आईला अर्धांगवायू झाला, एक हात आणि पाय गेला, आणि तिला गाऊन घालणं काढणं म्हणजे रोजची मारामारी. डोक्यावरून काहीच घालता येईना, कॅथेटर होतं, नऊवारीची सवय असलेली बाई, तिला हॉस्पिटलचा मागून उघडा गाऊन म्हणजे मरणप्राय वाटायचं. मी एका टेलरकडून पुढून पूर्ण उघडणारे, वेलक्रोचे, पण दिसायला साडीच्या काठासारखा काठ असलेले गाऊन शिवून घेतले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली माझ्या पाच पेशंटना हवेत. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तुमचंच झालं तसं. नोकरी सोडली.

माल चांगला होता. लोक फोनवर रडायचे, इतके आशीर्वाद मला आयुष्यात मिळाले नाहीत. पण हिशोबात एक गोष्ट बसेना. माझं गिऱ्हाईक दोन गाऊन घ्यायचं आणि नाहीसं व्हायचं. पेशंट बरा झाला तर गाऊन नको, आणि गेला तर नकोच. म्हणजे प्रत्येक महिन्याला सगळं गिऱ्हाईक नव्याने शोधायचं, आणि शोधायचं कुठे, ज्याच्या घरी कालच स्ट्रोक आलाय त्याला जाहिरात कशी दाखवणार? हॉस्पिटलच्या दुकानात ठेवायचं तर ते निम्मं मार्जिन मागतात.

तुमचं तसं नाही हे मला तुमची पोस्ट वाचताना जाणवलं. तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक जन्माचं आहे, दर महिन्याला भाकरी लागणारच आहे. गिऱ्हाईक थोडी असतील पण तीच परत परत येतील. म्हणून ऑर्डरी किती आल्या हे मोजू नका, सहा महिन्यांपूर्वी घेणाऱ्यातले आज किती घेतायत ते मोजा. तो आकडा चांगला असेल तर बाकी धीर येतो.

दुसरं थोडं कठीण आहे लिहायला. आई गेल्यावर मला त्या कापडाकडे बघवेना. ती होती तोवर मी प्रत्येक गाऊन तिच्यावर घालून बघायचे, बटण कुठे टोचतं, शिवण कुठे रुतते, ती सांगायची. नंतर मी कुणाला विचारणार? धंदा तसाही फार वर येत नव्हता, पण खरं कारण ते आहे. डिझाईन एका ओळखीच्या बाईंना देऊन टाकलं, त्या अजून शिवतात, मी परत नोकरीला लागले आणि मजेत आहे, कुणी कीव करू नका. सांगायचं इतकंच की तुमची लेक आज सातेक वर्षांची आहे. तिच्या नावाने, तिच्या फोटोवर, तिची गोष्ट सांगून ब्रँड उभा करू नका. पंधराव्या वर्षी तिला आपण "ती आजारी मुलगी, जिच्यामुळे पीठ निघालं" असणं अजिबात आवडणार नाही. पिठावर सासूबाईंचा फोटो लावा, त्या खूश होतील.

---

घाटावरचा

@परत_पंचिंग, धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट. परत येणारं गिऱ्हाईक हेच. माझे लाडू दिवाळीला धो धो जातात आणि मग मार्चपर्यंत मी गल्ल्याकडे बघत बसतो, मला विचारा.

---

एक_कटिंग

ओके मी माझा "बिनधास्त सोडा" मागे घेतो 😅 पण एक विचारू का, एवढं सगळं बघून मग कोणी काहीच सुरू करायचं नाही का?

---

रिकामटेकडा_सीए

सुरू करू नका असं कोणी म्हटलंय? सुरू तर झालंच आहे. पगार कधी बंद करायचा एवढाच प्रश्न आहे. माझ्या मते घरखर्च आणि हप्ता मिळून वर्षभराचा बाजूला पडलेला असावा, त्यात पीएफ धरायचा नाही, ग्रॅच्युइटी धरली तर चालेल. आणि धंद्यातून तुमचा नाही तरी सासूबाईंचा आणि एका कामवाल्या बाईचा पगार निघायला लागला असावा. या दोन्ही गोष्टी झाल्या की मला विचारायलाही येऊ नका, सोडा.

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि बिस्किट विसरू नका म्हणजे झालं.

---

चिमुची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मला खरंच इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

परत_पंचिंग, तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. ग्रुपचा लोगो म्हणून लेकीचाच फोटो होता, काढला. सासूबाईंना विचारलं तुमचा लावू का, तर म्हणाल्या आधी पार्लरला जाऊन येते.

जुने मेसेज काढून तो परत येणाऱ्यांचा आकडा बघितला. पीठ घेणारे जवळजवळ सगळे टिकलेत, भाजणीवाले अर्धे गळाले. मला वाटत होतं भाजणी आपलं हुकमी पान आहे! गळालेल्यांत दोघी-तिघींशी बोलले तर कळलं त्यांच्या घरी सिलिॲक वगैरे काही नाही, डाएटसाठी ग्लुटेन फ्री करत होत्या, ते संपलं. म्हणजे ते गिऱ्हाईक धरून मी हिशोब करत होते ते चुकतंच होतं.

तर सध्या असं ठरतंय, राजीनामा नाही. प्रमोशनला मात्र नाही म्हणणार आहे, कारण ते घेतलं तर शनिवार-रविवारपण जातील. मॅनेजरशी बोलून हा धंदा लेखी कळवते, परवानगी दिली तर उत्तम, नाही दिली तर मग निर्णय आपोआपच होईल. पिठावर ग्लुटेन फ्री लिहायचं नाही जोवर स्वतःचा रिपोर्ट हातात नाही, तोपर्यंत फक्त "गहू न चालणारी चक्की" असं ग्रुपमध्ये सांगते आणि कुणी विचारलं तर निवडताना गहू निघाले होते हेही सांगते.

@घाटावरचा, मंगळवेढ्याला कधी जावं? आणि एकदम किती ज्वारी घ्यावी लागेल, ठेवायची कुठे, कीड लागली तर? बोरिक पावडर नको आहे मला लहान मुलांच्या खाण्यात.

---

घाटावरचा

शाळू फेब्रुवारी-मार्चला निघतो, त्यामुळे बोलणी त्याआधी, जानेवारीतच, उभ्या पिकात जाऊन करा, तेव्हा हुरडाही मिळेल. मळणी झाल्यावर गेलात तर यंत्राचा काही उपयोग नाही, झालं ते झालं. पहिल्या वर्षी फार घेऊ नका, आत्ता महिन्याला जितकं जातं त्याच्या सहापट घ्या, म्हणजे पावसाळ्याच्या आत निम्मं तरी संपेल.

ठेवायला साध्या पोत्यांपेक्षा हवाबंद पिशव्या मिळतात, आतून जाड प्लॅस्टिकच्या, तोंड घट्ट बांधलं की आतली हवा संपते आणि किडा आपोआप मरतो, औषध लागत नाही. भरायच्या आधी कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, ओली भरलीत तर त्याच पिशवीत बुरशी. वाळवताना ताडपत्री तुमची, त्यांची नाही, त्यांच्या ताडपत्रीवर गेल्या आठवड्यात काय वाळत होतं विचारा म्हणजे कळेल.

आणि जाताना सासूबाईंना घेऊन जा. भाव तुम्ही करू नका, त्यांना करू दे.